स्टेंटनंतरचे वर्ष

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात एकटा नांदेड होता. लातूरला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले आणि ९७१ उपचारांच्या त्या यादीत अँजिओप्लास्टीही होती. ‘ब्लॉकेज निघाले’ म्हटल्यावर ज्या घरात आधी जमीन विकायची की सावकार गाठायचा हा विचार सुरू होई, त्या घरासाठी हे मोठे पाऊल होते. तरीही या भागातल्या हृदयोपचाराचा इतिहास इथे थांबवला तर तो अर्धाच राहील. धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून गेल्या पाच दशकांत जे मोठे शोध लागले, त्यांनी जबाबदारीचा एकेक भाग कॅथलॅबमधून, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करण्याच्या खोलीतून, उचलून रुग्णाच्या घरात नेला. नांदेड-लातूरच्या माणसाला कॅथलॅबपर्यंतची वाट मिळाली. तिथून घरी परतल्यावर लागणारी व्यवस्था मात्र त्या वेगाने उभी राहिली नाही.

सुरुवात झुरिचची. १६ सप्टेंबर १९७७ रोजी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत छोटा फुगा फुगवून अडथळा बाजूला सारला. छाती न उघडता हे साधले, म्हणून या उपचाराचा, म्हणजे अँजिओप्लास्टीचा, जगभर बोलबाला झाला. पण काही महिन्यांतच दहापैकी तीन-चार रुग्णांची तीच जागा पुन्हा आवळली जाई. कारणे दोन होती. फुग्याने ताणलेली भिंत हळूहळू आक्रसते, हे पहिले. दुसरे असे की आतल्या अस्तराची इजा भरून काढायला भिंतीतल्या स्नायुपेशी वाढू लागतात. खरचटलेल्या जागी कधी जाड वण उठतो, तसा हा आतला वण रक्ताची वाट अडवतो. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी धमनीत धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवली. जाळीने भिंतीला आधार दिला आणि पहिले कारण जवळपास मिटले. दुसरे उरले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत स्टेंट घेतलेल्यांपैकी एकीत २२ आणि दुसरीत सुमारे ३२ टक्के रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद झालेली आढळली. फुग्यापेक्षा हे बरे होते, पण पुरेसे नव्हते.

याच काळात हैदराबादेत घडलेली गोष्ट मराठवाड्याने आपली मानायला हवी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद हीच त्याची राजधानी राहिली. राज्य बदलले तरी देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या लोकांची मोठ्या दवाखान्यासाठी हैदराबाद गाठण्याची रीत मोडली नाही. त्या शहरात १९९० च्या दशकात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू आणि संरक्षण संशोधनातले डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी देशी कलाम-राजू स्टेंट तयार केला. परदेशी स्टेंट सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून हा खटाटोप. ती जाळी साधी होती, औषधाविना होती. आत वाढणाऱ्या पेशींवर तिच्याकडेही उत्तर नव्हते. पण चांगला स्टेंट आपल्याकडे स्वस्तात होऊ शकतो, हा विश्वास तिने दिला.

पेशींवरचे उत्तर आले दूरच्या ईस्टर बेटावरच्या मातीतून. १९६४ साली निघालेल्या कॅनडाच्या मोहिमेने ती माती आणली. तिच्यातल्या जिवाणूपासून मिळालेल्या रापामायसिनवर माँट्रियलमध्ये डॉ. सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे काम केले. पेशींची वाढ रोखणाऱ्या या औषधाचा लेप दिलेला स्टेंट एदुआर्दो सोझा यांनी १९९९ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये पहिल्यांदा वापरला. २००२ मध्ये २३८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी औषधी स्टेंटच्या गटात एकाचीही धमनी पुन्हा अरुंद झालेली नव्हती. पुढे रोजच्या वापरात प्रमाण शून्यावर राहिले नाही, तरी साध्या जाळीपेक्षा ते कितीतरी खाली आले. पण जे औषध नको ती वाढ थांबवते, तेच जाळीवर हवे ते नाजूक अस्तर चढायलाही उशीर लावते. उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते आणि तसे झाले तर धमनी काही मिनिटांत बंद पडते. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत यावरून मोठी खळबळ उडाली. पुढच्या पिढीचे स्टेंट बारीक तारांचे आणि अधिक सुरक्षित झाले. तरीही ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने, झटक्यानंतर सहसा वर्षभर, न चुकता घेणे हा उपचाराचाच भाग झाला.

पैशाचा अडसर २०१७ मध्ये आणखी सैल झाला. औषधी स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजारांच्या आसपास होती, म्हणजे योजनेचे दीड लाख एका स्टेंटमध्येच संपावेत अशी. फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधी स्टेंटला २९,६०० आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपयांची कमाल मर्यादा घातली. किंमत पाडली की दर्जा पडतो, असा आक्षेप तेव्हा आला. पुरावा वेगळे सांगतो. सुरतेत बनलेल्या एका स्टेंटची युरोपातल्या सात देशांत १,४३५ रुग्णांवर नामांकित परदेशी स्टेंटशी तुलना झाली आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तो कुठे कमी पडला नाही. उलट आपोआप विरघळणारा महागडा परदेशी स्टेंट गुठळ्यांच्या तक्रारींमुळे २०१७ मध्येच जगभरच्या विक्रीतून मागे घेतला गेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उपचार फुकट झाला की गरज नसताना स्टेंट टाकले जातील. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत पाच हजारांवर स्थिर रुग्ण होते आणि त्यांत औषधांच्या जोडीला स्टेंट वा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. छातीतल्या दुखण्याला मात्र आराम मिळाला. जो स्टेंट टाकायचीच गरज नव्हती, तो पुन्हा अरुंद होण्याचा धोका टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो न टाकणे. पण झटका आलेल्या माणसाला वेळेवर धमनी उघडून मिळणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी सोय जवळच हवी. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ चे, नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे. ही रुग्णालये उभी राहिली नसती तर योजनेचे कार्ड कागदच राहिले असते.

तिसरा आक्षेप रुग्णावर बोट ठेवतो: गोळ्या तोच सोडतो, तंबाखूचा बार तोच भरतो, साखर तोच वाढू देतो. यात तथ्य आहे. मधुमेहींमध्ये धमनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका खरोखरच जास्त असतो. पण नुसत्या दोषाने काम भागत नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन-तूर बाजारात गेल्यावर. गोळी मात्र रोज लागते. किनवट-माहूरहून नांदेडला किंवा जळकोट-देवणीहून लातूरला फेरतपासणीसाठी यायचे म्हणजे दिवसाची मजुरी आणि दोघांचे भाडे. छातीत दुखत नाही, म्हणजे बरे झालो, हा समज अशा वेळी सोयीचाच ठरतो. २०१२ च्या योजनेत ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा पॅकेजेस होती, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा काळ हाही उपचारच आहे, हे तत्त्व शासनाने पहिल्याच दिवशी मान्य केले होते.

तेच तत्त्व आता पूर्ण अंमलात यायला हवे. स्टेंट टाकलेल्या प्रत्येकाला रुग्णालयातून निघतानाच गोळ्यांचा पुरेसा साठा आणि मराठीत लिहिलेली तारीखवार चिठ्ठी मिळावी. पुढच्या गोळ्या, रक्तदाब आणि साखरेची तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात व्हावी. योजनेतर्फे रुग्णालयात रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचे काम डिस्चार्जच्या कागदावर संपू नये. योजनेचे यश मोजताना झालेल्या अँजिओप्लास्टींबरोबर वर्षानंतर किती जणांच्या गोळ्या चालू आहेत हेही मोजावे. जगाने पन्नास वर्षे खपून धमनी उघडी ठेवण्याची विद्या मिळवली. तिचा महाग भाग सरकारने उचलला आहे. उरलेला भाग स्वस्त आहे, आणि तो गरिबाच्या एकट्याच्या खांद्यावर टाकण्याचे काही कारण नाही.