फ्रान्सचे पिवळे हेडलाइट

1937 पासून 1992 अखेरपर्यंत फ्रान्समध्ये विकल्या गेलेल्या मोटारींचे हेडलाइट पिवळे असत. शेजारी जर्मनीत, इटलीत, इंग्लंडात ते पांढरे होते. त्यामुळे रात्री सरहद्द ओलांडली की समोरून येणाऱ्या झोतांचा रंगच बदलून जाई. एखाद्या देशाने दिव्याचा रंग कायद्याने ठरवावा आणि तो अर्धशतकाहून जास्त काळ टिकवावा, अशी उदाहरणे विरळाच. रात्री गाडी चालवताना कोणत्या रंगाच्या उजेडात चांगले दिसते, हा वाद आजही चालू आहे. फ्रान्सचा हा इतिहास त्या वादातला सर्वांत मोठा आणि सर्वांत दीर्घ प्रयोग मानावा लागेल.

सुरुवातीच्या मोटारींना रंगाचा प्रश्न पडण्याइतका उजेडच नव्हता. तेलाचे कंदील गेले आणि कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी थेंबथेंब पडले की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि त्याची ज्योत वाऱ्यापावसातही बऱ्यापैकी तग धरी. पुढे टंगस्टनची चिवट तार काढता येऊ लागली आणि 1912 साली कॅडिलॅक कंपनीने बॅटरी, डायनॅमो, स्टार्टर आणि दिवे एकाच यंत्रणेत बसवले. मग विजेचा हेडलाइट सर्वत्र पसरला. उजेड वाढला तसा समोरच्याचे डोळे दिपण्याचा त्रासही वाढला. 1924 मध्ये ओसराम कंपनीने एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवलेला बिलक्स दिवा आणला. आपल्याकडे ज्याला अप्पर-डिपर म्हणतात, त्याची ही सुरुवात. डिपरने झोत खाली आला, पण चढावर किंवा वळणावर तो समोरच्याच्या डोळ्यांत जायचा तो जायचाच.

या पार्श्वभूमीवर 1934 मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने मत दिले की, पिवळा उजेड पांढऱ्यापेक्षा कमी दिपवतो आणि धुक्यात निळ्या-हिरव्या उजेडापेक्षा कमी विखुरतो. नोव्हेंबर 1936 मध्ये त्यावरून सक्तीचा हुकूम निघाला. युद्धाची चाहूल लागल्यामुळे आपली वाहने जर्मन वाहनांपासून रात्री ओळखू यावीत म्हणून लष्करानेच हा नियम करवून घेतला, अशी कथा फ्रान्समध्ये अजूनही सांगितली जाते. कथा आकर्षक आहे, पण शत्रूला बल्बवर पिवळा रंग फासायला कितीसा वेळ लागणार होता! डोळे दिपू नयेत हे कारण सरळ आहे आणि नियमामागची चर्चाही त्याचीच होती.

नियमाला हवा असलेला पिवळा म्हणजे निव्वळ पिवळ्या तरंगलांबीचा उजेड नव्हे. पांढऱ्या उजेडातून जांभळा आणि निळा भाग गाळून टाकायचा. तांबडा, नारिंगी, पिवळा आणि हिरवा तसाच राहू द्यायचा. त्यासाठी बहुधा बल्बची काचच कॅडमियमच्या संयुगांनी पिवळी केलेली असे. काही ठिकाणी हेडलाइटची पुढची काच पिवळी असे, तर काही ठिकाणी बल्बवर पिवळा लेप दिलेला असे. 1971 नंतर एच-4 जातीचा हॅलोजन बल्ब आला तेव्हा अडचण उभी राहिली, कारण त्याची छोटी नळी प्रचंड तापणाऱ्या क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झ काचेसारखे सहज रंगवता येत नाही. उपाय असा निघाला की, बिनरंगी हॅलोजन बल्ब तसाच ठेवून त्यावर पातळ पिवळ्या काचेची टोपी चढवायची. फ्रेंच गॅरेजमध्ये बल्ब बदलणाऱ्याच्या हाती ही नाजूक टोपी हमखास येई. इंग्लंडहून खाडी ओलांडून येणाऱ्या प्रवाशांसाठी हेडलाइटवर लावायचा पिवळा रंग विकत मिळे. या सगळ्या गाळण्याची किंमत होती: दहा-पंधरा टक्के उजेड गाळणीतच अडके.

ही किंमत मोजून काय मिळाले, हे पाहताना अकादमीची दोन कारणे वेगळी करावी लागतात. धुक्याचे कारण कच्चे होते. निळा उजेड जास्त विखुरतो हे लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये दाखवून दिले होते आणि आकाश निळे दिसते ते त्यामुळेच. पण तो नियम हवेच्या रेणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांचा आहे. धुक्याचे थेंब काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंतचे असतात, तर दृश्य उजेडाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. एवढ्या मोठ्या थेंबांवरून सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. त्याचे गणित गुस्ताव मी यांनी 1908 मध्येच मांडले होते. पिवळा दिवा धुके ‘कापतो’ ही समजूत तरीही जगभर टिकली आणि आपल्या घाटरस्त्यांवरही ती ऐकू येते. धुक्यात खरा उपयोग होतो तो दिवा खाली बसवण्याचा आणि त्याचा झोत रुंद, चपटा ठेवण्याचा. थेंबांवरून परत येणारा उजेड तेव्हा चालकाच्या नजरेच्या रेषेत कमी येतो.

दिपण्याचे कारण मात्र पक्के होते. दोन दिव्यांची तीव्रता मोजमापाने सारखी असली, तरी ज्यात निळा भाग जास्त तो डोळ्यांना जास्त खुपतो. शिवाय डोळ्याचे भिंग निळा किरण पडद्याच्या थोडा अलीकडेच एकवटते, त्यामुळे दिव्याभोवती धूसर वलय दिसते. नेदरलँड्समध्ये 1976 साली झालेल्या अभ्यासाने दोन्ही बाजू नोंदवल्या: रस्त्यावरच्या सुरक्षिततेत पिवळे आणि पांढरे हेडलाइट सारखेच, पण पिवळ्याचा डोळ्यांना त्रास कमी.

फरक एवढा थोडा का, हे रंगतापमानावरून कळते. तापलेल्या काळ्या पदार्थाच्या प्रकाशाशी तुलना करून उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. आकडा लहान तर उजेड पिवळट, मोठा तर निळसर. साधा टंगस्टनचा बल्ब 2,700 ते 2,800 केल्विनचा, हॅलोजन 3,000 ते 3,200 चा. अशा दिव्यात निळा भाग मुळातच जेमतेम असतो, म्हणजे फ्रान्सची पिवळी काच जे गाळू पाहत होती ते त्या काळच्या बल्बमध्ये फारसे नव्हतेच.

युरोपीय समुदायाने 1991 च्या अखेरीस सदस्य देशांतल्या मोटारींचे हेडलाइट पांढरेच असावेत असे ठरवले आणि जानेवारी 1993 पासून फ्रान्सच्या नव्या गाड्यांना पांढरे दिवे आले. निर्णय सामाईक बाजारपेठेचा होता. पिवळा उजेड वाईट ठरला म्हणून तो गेला नाही. त्याच 1991 मध्ये बीएमडब्ल्यूने सेव्हन सिरीज गाड्यांना झेनॉनचे दिवे दिले. त्यांचे रंगतापमान 4,000 केल्विनच्या वर होते. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांचा तेजस्वी निळा एलईडी 1993 मध्ये जाहीर झाला. आजचा पांढरा एलईडी त्याच निळ्या उजेडावर पिवळा फॉस्फर लेपून बनतो. 2007 च्या लेक्सस गाडीत एलईडीचा डिपर आला आणि हळूहळू 5,000 ते 6,000 केल्विनचे हेडलाइट सर्रास झाले. त्यांच्या उजेडात 450 नॅनोमीटरच्या आसपास, ठळक निळ्यात, मोठे शिखर असते. फ्रेंच काच नेमका हाच भाग अडवत असे. गाळण्यासारखे काही नव्हते तोवर गाळणी सक्तीची होती आणि निळ्याचा भर असलेले दिवे आले तेव्हा ती काढून टाकलेली होती.

निळ्याची बाजूही आहे. मंद उजेडात डोळ्यातल्या शलाकापेशी काम करतात, त्यांची संवेदना 507 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. त्यामुळे रस्त्याच्या कडेने येणारा माणूस किंवा जनावर थंड पांढऱ्या उजेडात नजरेच्या कोपऱ्यातून जरा लवकर जाणवते. पण हा फायदा दिवा लावणाऱ्याचा, आणि दिपण्याचा त्रास समोरच्याचा. वयस्कर चालकांना तो अधिक होतो, कारण त्यांच्या डोळ्यातले भिंग धूसर होत जाते आणि उजेड आतच पसरतो.

दुकानात 6,000 केल्विनचा म्हणून मिळणारा निळा हॅलोजन बल्ब तर कोणाच्याच कामाचा नाही. त्याची तार तेवढी तापूच शकत नाही. काचेवरचा निळा लेप पिवळा-तांबडा उजेड अडवून रंग थंड दाखवतो आणि रस्त्यावर पडणारा उजेड घटतो. हेडलाइटसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत ‘पांढरा’ म्हणून रंगाचा एक विस्तृत पट्टा मान्य आहे. हॅलोजनपासून एलईडीपर्यंतचे दिवे त्यात बसतात, आणि त्या पट्ट्यात कुठे थांबायचे हे गाडी बनवणारे ठरवतात. फॉग लॅम्पना मात्र पिवळ्याची मुभा अजून आहे, आणि फ्रान्समध्ये 1993 पूर्वीच्या गाड्यांना पिवळे हेडलाइट ठेवण्याचीही.