मायोर्काच्या बर्फाचा धंदा

सतराव्या-अठराव्या शतकांत स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्मा शहरात, भर उन्हाळ्यात बर्फ विकला जाई आणि तो समुद्रापलीकडून येत नसे. बेटाच्या वायव्येला त्रामुंताना डोंगररांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर, पुइग मायोर, १,४०० मीटरच्या वर जातं. तिथल्या उंच भागात दगडी बांधणीचे खोल खड्डे खणलेले होते. हिवाळ्यात बर्फ पडला की माणसं वर चढत, तो गोळा करून खड्ड्यात टाकत, तुडवून घट्ट करत, मधूनमधून डोंगरी गवताचे थर देत. उन्हाळ्यात लाद्या कापायच्या, खेचरांवर लादायच्या आणि रात्रीच्या गारव्यात शहर गाठायचं. हा माल नुसता सरबतासाठी नव्हता. वैद्यही तो औषध म्हणून वापरत, त्यामुळे पुरवठा आणि दर यांत शहराच्या कारभाऱ्यांनाही लक्ष घालावं लागे. थंडी हे या बेटाचं पीक होतं, आणि तिथल्या हिवाळ्याला आज अपवाद मानणं म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरवणं.

यावर कोणी म्हणेल, त्या शतकांत सगळा युरोपच जास्त गारठलेला होता. खरं आहे; पण खड्ड्यांचा वापर १९२०च्या दशकापर्यंत चालला. धंदा बुडवला तो मुख्यतः बर्फाच्या कारखान्यांनी. दुसरा आक्षेप वजनदार आहे: डोंगर म्हणजे किनारा नव्हे. पाल्मात जानेवारीतही दुपारी पारा पंधरा अंशांच्या आसपास असतो. पण ऊब म्हणजे कोरडी हवा नव्हे. याच ऊबेच्या आशेने आजारी संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज साँद १८३८च्या नोव्हेंबरात तिथे आले. आधी छान ऊन मिळालं, मग पाऊस लागला. वाल्देमोसा गावच्या रिकाम्या मठातल्या दमट खोल्यांत शोपँची प्रकृती ढासळली आणि फेब्रुवारीत दोघांनी बेट सोडलं. साँदबाईंनी पुढे स्थानिक लोकांवर जे तोंडसुख घेतलं ते अर्धंच खरं धरावं. पावसाबद्दल मात्र त्यांना दोष देता येत नाही, कारण तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस पडतो तो शरद-हिवाळ्यातच.

गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटावर येणारे बरेच हौशी पाहुणे थंडीतच येत. उन्हाळा त्यांना सोसवत नसे. १९५०नंतर स्वस्त विमानांनी समुद्रस्नानाची गर्दी आणली आणि हंगाम उलटला. आता किनाऱ्यावरची पुष्कळ हॉटेलं हिवाळ्यात कुलूपबंदच असतात, तेव्हा सदा उन्हाची ख्याती खोडून काढायला साक्षीदार तरी कुठून मिळणार?