सेगावची वाट आणि तापलेले इंजिन

इतिहासाच्या व्याख्यानात मोटारीच्या रेडिएटरला काय स्थान, असा प्रश्न आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांच्या मनात आला असेल. वर्धा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासाचा विषय निघाला म्हणजे मगनवाडी, सेवाग्राम, पवनार ही नावे येतात, आणि ती यावयासच पाहिजेत. परंतु त्या स्थळांपर्यंत माणसे पोहोचत कशी होती, हे आपण सहसा विचारीत नाही. ते विचारले की चिखल, बैल आणि उकळते पाणी यांचा एक गमतीदार इतिहास हाती लागतो. आणि ज्यांच्या दारात एखादी जुनी मोटार अजून उभी आहे, त्यांना त्यातून चार पैशांचा फायदाही होण्यासारखा आहे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून पायी सेगावला राहावयास गेले. अंतर सुमारे पाच मैल. सेगावचे सेवाग्राम झाले ते पुढे १९४० साली. त्या काळी ही वाट म्हणजे काळ्या जमिनीतील गाडीवाट होती. पावसाळ्यात ही माती चाकाला अशी चिकटते की चाकाचा आकारच दिसेनासा होतो. या वाटेवरून पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी जमनालालजी बजाजांकडील एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जोडण्यात आले. त्या वाहनाला गमतीने 'ऑक्सफर्ड' म्हणत. इंग्रजीत ऑक्स म्हणजे बैल, आणि फोर्ड तर ती मुळातच होती. ही गोष्ट आजवर सर्वांनी विनोद म्हणून सांगितली. आम्हांला मात्र तिच्यात यंत्रशास्त्राचा एक धडा दिसतो.

मोटार तापली की आपण सूर्याला दोष देतो. वैशाखात वर्ध्याला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तो दोष अगदीच खोटा नव्हे. रेडिएटरमधील पाणी उकळण्याच्या बेताला, म्हणजे १०० अंशांजवळ, आले असता पौषातील १५ अंशांच्या सकाळी पाणी व हवा यांच्यात ८५ अंशांचे अंतर असते. वैशाखातील दुपारी ते ५५ उरते. या अंतरावरच रेडिएटरचे काम चालते. म्हणजे उन्हाने त्याची एक तृतीयांशाहून अधिक शक्ती हिरावून घेतली. पण उरलेली दोन तृतीयांश कोठे जाते? ती चिखलात जाते. चिखलात गाडी पहिल्या गिअरात रांगते. इंजिन धापा टाकीत जोरात फिरते, चाके मात्र बैलाच्या चालीने पुढे सरकतात. समोरून वारा येत नाही, आणि उडालेल्या चिखलाने रेडिएटरची जाळी बुजून जाते. म्हणून श्रावणसरीत, थंड हवेतसुद्धा, गाडी उकळते. बैलाच्या गतीचे काम बैलाकडे सोपविण्यात जो शहाणपणा होता, तो हाच, असा आमचा तर्क आहे.

त्या पिढीतील फोर्ड गाड्यांत 'टी' नमुन्याची गाडी सर्वांत प्रसिद्ध. १९०८ ते १९२७ या काळात ती सुमारे दीड कोटी निघाली. फोर्ड कंपनीने १९२६ साली मुंबईस आपले ठाणे घातले, तेव्हा हीच गाडी चलतीत होती. पहिल्या काही गाड्या सोडल्या, तर तिच्यात पाणी फिरविणारा पंपच नव्हता! तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून जड होऊन खाली उतरे. चुलीवरच्या भांड्यात जे घडते तेच. मात्र पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की हा फेरा तुटे, आणि अर्धा रेडिएटर भरलेला असूनही इंजिन जळू लागे. दुसरी अडचण ठिणगीची. ठिणगी लवकर की उशिरा पाडावयाची, हे सुकाणूच्या चक्राखालील डाव्या दांडीने ठरे. हँडल उलटून मनगट मोडू नये म्हणून गाडी सुरू करताना ती दांडी उशिराच्या खुणेवर ठेवीत, आणि नवशिका चालक ती तेथेच विसरून जाई. उशिरा पेटलेला वायू काम थोडे करतो व भिंती फार तापवितो. अशा वेळी कितीही पाणी ओतले तरी व्यर्थ!

पुढे पंप आले, दाबाची झाकणे आली, अँबेसेडर आणि फियाट आल्या. पण आमच्या विहिरीचे पाणी तेच राहिले. काळ्या पाषाणातून आलेले ते जड पाणी चहाच्या किटलीत जसा पांढरा पापुद्रा धरते, तसाच इंजिनाच्या पोटात व रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. पापुद्रा उष्णतेला अडवितो. बाहेरून सगळे ठाकठीक. आत मात्र पाण्याला वाट नाही. जुन्या गाडीला पावसाचे गाळलेले किंवा शुद्ध केलेले पाणीच द्यावे. आणि धुताना नळीचे पाणी खालून वर, म्हणजे उलटे सोडावे, तरच साचलेला गाळ सुटतो. 'आपल्याकडे थंडी कोठे आहे?' असे म्हणून थर्मोस्टॅटची झडप काढून फेकण्याचा प्रघात पडला आहे, तो आम्हांला पसंत नाही. काही इंजिनांत ती काढल्यावर गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर चुकवून आडमार्गानेच परत इंजिनात शिरतो.

मागे एका वैशाखात आर्वीच्या रस्त्यावर आम्ही एका जुन्या अँबेसेडरमध्ये होतो. सुई लाल खुणेवर गेली, बॉनेटखालून वाफ येऊ लागली. आमच्यापैकी एकाने तांब्याभर थंड पाणी घेऊन झाकणाकडे धाव घेतली. चालक वयस्क होते. त्यांनी त्याचा हात धरून त्याला मागे ओढले. "भाऊ, हात भाजंल, अन् हेड तडकंल," एवढेच ते म्हणाले. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले. तडकलेले हेड म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळत होते. आम्ही लिंबाच्या सावलीत पाऊण तास बसलो. मग त्यांनी झाकणावर फडके टाकून ते हळूच सैल केले, इंजिन सुरू केले, आणि ते चालू असतानाच पाण्याची बारीक धार सोडली. पंख्याचा पट्टा ढिला झाला होता. तो ताणून बसविला. आर्वीला पोहोचेतो सुई पुन्हा वर गेली नाही.