चर्चिल, मॅनिटोबा

चर्चिल हे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरील लहान शहर आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ८७० होती. ध्रुवीय अस्वलांसाठी ते प्रसिद्ध आहे.

== प्रवास व खर्च ==
शहरास बाहेरून जोडणारा रस्ता नाही. विमान किंवा रेल्वेनेच पोहोचता येते. विमानप्रवास महाग आहे. विनिपेगपासूनचा सुमारे १,७०० कि.मी.चा रेल्वेप्रवास स्वस्त असला, तरी त्यास सुमारे दोन दिवस लागतात. थॉम्पसनपर्यंत मोटारीने जाऊन तेथून रेल्वे पकडल्यास वेळ वाचतो. गाड्या मोजक्या व अनेकदा उशिरा धावत असल्याने जादा मुक्कामाची तरतूद आवश्यक ठरते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर या अस्वलांच्या हंगामात निवासाचे दर सर्वाधिक असतात; जुलै-ऑगस्टमध्ये बेलुगा देवमासे दिसतात. अस्वलांच्या धोक्यामुळे शहराबाहेर एकट्याने फिरणे असुरक्षित असते. त्यामुळे मार्गदर्शकासह वाहनाचा खर्च टाळता येत नाही.

मे २०१७ मधील पुराने लोहमार्ग उखडल्यावर सुमारे दीड वर्ष रेल्वे बंद होती. माल विमानाने आणावा लागल्याने अन्नधान्य व इंधन महागले. प्रवाशाला काही दिवस जाणवणारी ही महागाई स्थानिकांच्या मात्र नित्याची आहे.