मराठीतून पहिला संगणकीय खेळ : साधन कोणते निवडावे?

शाळेत स्क्रॅचवर मांजर पळवून झाले, की मुले विचारतात, ‘आता खरा खेळ कशात करायचा?’ हौसेने कथा लिहिणाऱ्या प्रौढांनाही अलीकडे हा प्रश्न पडू लागला आहे. इंटरनेटवर त्याची उत्तरे विपुल आहेत. मात्र त्यांतील बहुतेक इंग्रजीतून खेळ लिहिणाऱ्यास उद्देशून असतात. मराठीत लिहू पाहणाऱ्याने पहिली कसोटी वेगळी ठेवावी. निवडलेल्या साधनात ‘किल्ल्याच्या दऱ्यांत सूर्य बुडाला’ एवढे एकच वाक्य लिहून खेळ चालवून पाहावा. वेलांटी अक्षराच्या पलीकडे गेली, रफार सुटला किंवा जोडाक्षरांचे पाय मोडले, तर ते साधन कितीही नावाजलेले असो, बाजूला ठेवावे. देवनागरीत अक्षरे नुसती ओळीने मांडून भागत नाही, ती जुळवावी लागतात. आणि हे काम अनेक खेळ-साधनांनी केलेलेच नसते.

केवळ मजकुराच्या खेळांची परंपरा जुनी आहे. विल क्राउदर यांनी 1970च्या दशकाच्या मध्यात रचलेल्या ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’मध्ये खेळाडू एक-दोन शब्दांची आज्ञा टंकित करी आणि संगणक गुहेतील पुढचे दृश्य वर्णन करी. आज या प्रकाराच्या दोन शाखा दिसतात : आज्ञा टंकित करण्याची आणि दिलेल्या पर्यायांतून निवडण्याची.

नवशिक्याने दुसऱ्या शाखेपासून, म्हणजे ट्वाइनपासून, प्रारंभ करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. ख्रिस क्लिमस यांनी 2009 मध्ये आणलेले हे साधन विनामूल्य असून मुक्त स्रोत आहे. ‘बेतीच्या धक्क्यावरून शेवटची फेरीबोट सुटते आहे’ असे लिहावे, खाली [[उडी घ्या]] आणि [[थांबा]] असे शब्द दुहेरी चौकटी कंसांत टाकावेत. ट्वाइन त्या नावांची दोन नवी पाने आपणच उघडते आणि पडद्यावर कथेचा नकाशा बाणांनी जोडला जातो. पुढे ‘खिशात नाणे असेल तरच हा पर्याय दिसावा’ अशा अटी घालता येतात. तेथे प्रोग्रॅमिंगची तोंडओळख नकळत होते. तयार खेळ म्हणजे एक एचटीएमएल फाइल. ती ब्राउझरमध्ये उघडते आणि अक्षरजुळणी ब्राउझर करतो, त्यामुळे मराठी बिघडत नाही. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ट्वाइन ब्राउझरमध्येच वापरल्यास मसुदा त्या ब्राउझरच्या साठ्यात राहतो; तेथील माहिती पुसली, की कथाही जाते. संगणकावर उतरवून घेतलेली आवृत्ती वापरावी, अन्यथा रोजच्या लेखनानंतर प्रत फाइलमध्ये काढून ठेवावी.

आज्ञांच्या खेळासाठी ग्रॅहम नेल्सन यांचे इन्फॉर्म 7 प्रसिद्ध आहे. ‘दिवा गुहेत आहे’ अशा अर्थाचे सरळ इंग्रजी वाक्य हाच त्यातील प्रोग्रॅम. कल्पना मनोहर खरी. पण मराठी खेळाडूची आज्ञा समजून घेणे हे त्यास सोपे नाही. इंग्रजीत नाम बहुधा जसेच्या तसे राहते. आपल्याकडे ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होते, ‘घोडा’चे ‘घोड्यावर’. शाळेत कंटाळवाणे वाटलेले सामान्यरूप येथे यंत्राला शिकवावे लागते. भाषाशास्त्राची आवड असणाऱ्यास हा उत्तम उद्योग आहे, पहिल्या खेळासाठी नव्हे.

सलग लिहीत जाणाऱ्या कथाकाराला इंक्ल या संस्थेने 2016 मध्ये खुली केलेली इंक ही भाषा आवडेल. तिचा खेळही वेबपानाच्या रूपात काढता येतो. चित्रे आणि संवाद यांची कथा रचायची असेल तर रेनपाय आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी मोडत असे, म्हणून नवीनतम आवृत्ती घेऊन आरंभीची कसोटी लावावी.

धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या खेळांसाठी लहान मुलांना स्क्रॅच पुरेसे आहे. घाई करू नये. त्यापुढे गोडो. त्याचा स्रोत 2014 मध्ये मुक्त झाला आणि खेळ विकला तरी कोणाला वाटा द्यावा लागत नाही. हा मुद्दा गौण नाही. युनिटी या लोकप्रिय साधनाच्या कंपनीने 2023 मध्ये खेळाच्या प्रत्येक स्थापनेमागे शुल्क जाहीर केले आणि निर्मात्यांच्या रोषानंतर पुढील वर्षी ते मागे घेतले. तोवर अनेकांची झोप उडाली होती. गोडो घ्यायचे तर 2023 मधील चौथ्या आवृत्तीपासूनचे घ्यावे, कारण जोडाक्षरांची जुळणी तेव्हापासून नीट होते. सोबत मुक्ता किंवा नोटो यांसारखा मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट खेळातच समाविष्ट करावा. स्वतःच्या संगणकावर मराठी दिसली म्हणून ती दुसऱ्याच्याही संगणकावर दिसेल, हे गृहीत धरू नये.