सोळा आण्यांची साखळी

सुरतेत प्लॉटचा भाव वारावर बोलला जातो. शहर ओलांडून ओलपाड, कामरेज, बारडोलीच्या बाजूला उसाच्या शेतांत गेलात की वार मागे पडतो आणि बिघा नि गुंठा सुरू होतात. बिघा जुना, मुलखागणिक बदलणारा. गुंठ्याचं तसं नाही. तापीकाठी मोजा नाही तर कृष्णाकाठी, तो 1089 चौरस फुटांचाच भरतो.

हा आकडा असा आडनिडा का, हे मला फार वर्षं कोडं होतं. हजार नाही, अकराशे नाही, 1089. उत्तर मिळालं तेव्हा ते इतकं सोपं निघालं की आधी सुचलं कसं नाही असं वाटलं. 33 गुणिले 33. जमीन मोजायची लोखंडी साखळी 33 फुटांची, म्हणजे 11 वारांची होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा तो गुंठा. त्याचे चौरस वार 121, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. आपण रोज ज्या मापात जमीन विकतो, वाटून घेतो, ज्याच्यावरून भाऊबंदकी करतो, ते एका अवजाराच्या लांबीतून आलेलं आहे.

जमीन मोजायला साखळीच्या आधी दोरी होती. दोरीचा दोष शेतकऱ्याला सांगायला नको: भिजली की आखडते, सुकली की सैल पडते. दवात मोजलेलं शेत आणि दुपारी मोजलेलं शेत एक भरत नाही. म्हणून अकबराच्या काळात दोरी जाऊन लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आले. गुजरात जिंकल्यावर तिथल्या महसुलाची घडी बसवायला अकबराने तोडरमलला पाठवलं होतं, तेव्हा या मुलखाला मोजणी परकी नव्हती. इकडे शिवरायांच्या राज्यात काठी होती, पाच हात आणि पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, 120 बिघ्यांचा चावर. पुढे मराठ्यांचा अंमल सुरतेच्या भोवताली बसला आणि अठ्ठावीस परगण्यांच्या ‘सुरत अठ्ठाविशी’चा वसूल पेशवे आणि गायकवाड वाटून घेऊ लागले.

साखळीचा जन्म लंडनचा. ग्रेशॅम कॉलेजात खगोलशास्त्र शिकवणाऱ्या एडमंड गुंटरने 1620 च्या सुमारास ती रूढ केली: 66 फूट लांब, 100 कड्यांची. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर, त्यामुळे क्षेत्रफळाचा हिशेब दशमानात सुटायचा. त्या वेळी सुरतेत इंग्रजांची वखार उघडून सात वर्षं झाली होती. पण वखारीला जमिनीशी काय देणंघेणं? तिथे कापड वारावर मोजलं जाई, नीळ तोलली जाई. सुरतेचा कारभार कंपनीच्या हाती गेला तो 1800 मध्ये, आणि मग मात्र शेत न् शेत मोजणं हे सरकारचं काम झालं.

मुंबई इलाख्यात आधी पुण्याकडे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची मोजणी झाली. ती फसली. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली, आणि तिथे बसलेली पद्धत पुढे दख्खनभर व गुजरातेत पसरली. या मोजणीची साखळी गुंटरच्या निम्मी, 33 फुटांची. तिचे भाग शंभर नव्हते, सोळा होते, आणि प्रत्येक भागाला नाव होतं आणा.

मला या गोष्टीतली सगळ्यात सुंदर जागा ही वाटते. इथला कारकून, कुळकर्णी, तलाटी रुपयाचे सोळा आणे तोंडी करत लहानाचा मोठा झालेला. पावकी, निमकी, पाऊणकी त्याच्या जिभेवर. त्याला दशमान शिकवत बसण्याऐवजी साखळीच रुपया झाली. पाच साखळ्या नऊ आणे, असं माप शेतात ओरडून सांगावं आणि दुसऱ्याने कागदावर टिपावं. क्षेत्रफळालाही तेच: साखळीभर लांब आणि आणाभर रुंद पट्टी म्हणजे एक आणा जमीन, अशा सोळा पट्ट्यांचा गुंठा. ‘सोळा आणे खरं’ म्हणणाऱ्या लोकांच्या हातात सोळा आण्यांचं माप आलं. ते टिकलं यात नवल नाही.

अशी साखळी कधी हातात घेऊन पाहा. जाड तारेच्या कड्या, दोन कड्यांच्या मध्ये बारीक गोल वेढी, ठरावीक अंतरावर पितळी खुणा, दोन्ही टोकांना पितळी मुठी. आवरायची ती मधून: दोन-दोन कड्या जवळ घेत, तिरप्या रचत, शेवटी भाताच्या पेंढीसारखी मोळी होते आणि वर पट्टा आवळायचा. उलगडताना दोन्ही मुठी डाव्या हातात धरायच्या आणि उजव्या हाताने मोळी पुढे फेकायची. खांद्यावर टाकून माणूस बांधाबांधाने कोसभर जाऊ शकतो.

नेणारा एक असला तरी मोजणारे मात्र दोघे लागत. एक मागची मूठ खुंटीवर धरून बसणार, दुसरा पुढे ताणून लोखंडी बाण रोवणार. शेताच्या मधून एक सरळ रेघ धरायची, दोन फळ्यांचा किंवा चिरा पाडलेला शंकू उभा करून बांधाच्या प्रत्येक वळणाला काटकोनात लंब टाकायचा, आणि सगळं जाग्यावर टिपणात उतरवायचं. शिवाय साखळी झिजते. वेढी घासून ती दोनच इंच वाढली, तर एकरामागे सुमारे 440 चौरस फूट कमी भरतात. म्हणून ती वरचेवर तपासून घ्यावी लागे.

ही मापं साधी नव्हती, त्यांच्यावर सारा ठरत होता. 1928 मध्ये सुरत जिल्ह्यातलाच बारडोली तालुका वल्लभभाई पटेलांच्या मागे उभा राहिला तो 22 टक्के सारावाढीविरुद्ध. चौकशीअंती ती सुमारे 6 टक्क्यांवर आली. भांडण दराचं होतं, पण दर गुणायचा होता साखळीने काढलेल्या क्षेत्राशी. 1960 मध्ये सुरत गुजरातेत गेली, तरी सातबारा आणि गुंठा दोन्हीकडे राहिले. मेट्रिक मापं आली तेव्हाही गुंठ्याला धक्का लागला नाही. तो 101 चौरस मीटरचा, आणि नवा आर 100 चा!

मोजणीतल्या त्या दुसऱ्या माणसाची गरज संपायला बराच काळ गेला. मोजणी करत तिथेच नकाशा काढायचं प्लेन टेबल आलं, मग प्रकाशाने अंतर मोजणारी यंत्रं. 1990 मध्ये स्वीडनच्या जिओडिमीटरने माणसामागे आपोआप वळणारं टोटल स्टेशन काढलं, आणि एकट्याने मोजणी शक्य झाली. आता काठीवर बसवलेला रोव्हर आहे. उपग्रहांचे संदेश घ्यायचे, कायम उभ्या असलेल्या संदर्भ केंद्राकडून मोबाइलवर दुरुस्ती घ्यायची, आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा पक्की. महाराष्ट्रात अशी 77 केंद्रं उभी आहेत. भूकरमापक एकटा बांधावरून चालतो, काठी टेकतो, थांबतो, पुढे जातो.

पण त्याच्या हातातल्या जुन्या टिपणावर मापं साखळी-आण्यांत आहेत. एक साखळी म्हणजे 10.0584 मीटर, एक आणा सुमारे 63 सेंटिमीटर. दोन-तीन सेंटिमीटरचं यंत्र 63 सेंटिमीटरच्या आण्यावर बसवायचं आहे, आणि बांधावरची आजची कितीतरी भांडणं नेमकी या फटीत अडकलेली असतात. यंत्र चूक नसतं, टिपणही नसतं. त्या टिपणाची भाषा वाचणारा मात्र हवा, आणि तसे लोक कमी होत चालले आहेत.

तेव्हा मोजणी मागवण्याआधी आपल्या गटाच्या टिपणाची नक्कल काढून घ्या. त्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यालाही बोलवा, आणि मापं आण्यांतून मीटरमध्ये कशी आणली ते विचारा. आणि जुन्या घराच्या माळ्यावर पट्ट्याने आवळलेली, गंजलेली साखळी निघालीच, तर भंगारवाल्याला देऊ नका. अंगणात उलगडून दोन टोकांत टेप धरा. 33 फूट भरले, तर तुमच्या गावचा गुंठा तुमच्या घरात आहे.