आरएफआयडी : फायदे व तोटे

रेडिओ लहरींच्या साहाय्याने वस्तू, वाहन, जनावर किंवा माणूस यांची स्पर्शाविना ओळख पटवणारे तंत्र. टॅग, रीडर आणि टॅगवरच्या क्रमांकाचा अर्थ सांगणारी संगणकातील नोंद, अशी त्याची तीन अंगे आहेत. टॅगमध्ये बारीक चिप आणि तिला जोडलेला धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना असतो. बहुतेक टॅग निष्क्रिय, म्हणजे बॅटरीविना चालणारे असतात. रीडरने सोडलेल्या लहरींतूनच ते चिप जागी करण्यापुरती ऊर्जा घेतात आणि आपला क्रमांक कळवतात. सक्रिय टॅगला स्वतःची बॅटरी असते. त्यामुळे त्याचा पल्ला वाढतो, पण किंमत वाढते आणि बॅटरी संपली की टॅग मुका होतो.

पल्ला मुख्यतः कंप्रतेवर ठरतो. जनावरांच्या कातडीखाली बसवायच्या चिपा १२५ ते १३४ किलोहर्ट्‌झवर, अगदी जवळून वाचल्या जातात. ग्रंथालयातील पुस्तके, प्रवासाची स्पर्शविरहित कार्डे आणि ई-पासपोर्ट १३.५६ मेगाहर्ट्‌झवर चालतात. गोदामातील खोकी आणि वाहनांवरचे टोलसाठीचे फास्टॅग ८६० ते ९६० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतात व काही मीटरवरूनही वाचता येतात.

परावर्तित लहरींनी संदेश पाठवण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये शोधनिबंधात मांडली. तिला बाजारपेठ मिळायला अर्धे शतक जावे लागले. वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर टॅग लावण्यास सांगितले, तेव्हा बारकोडचे दिवस भरले असे अनेकांना वाटले. ते भरले नाहीत, आणि त्याची कारणे या तंत्राच्या तोट्यांतच आहेत.

फायदे : बारकोड वाचायला तो रीडरच्या नजरेसमोर यावा लागतो, टॅगला त्याची गरज नाही. बंद खोक्यातले, धुळीने माखलेले, रंगाखाली गेलेले टॅगही वाचता येतात आणि एका सेकंदात शेकडो. ग्रंथालयाच्या वार्षिक पडताळणीत एरवी प्रत्येक पुस्तक काढून दाखलअंक ताडावा लागतो. टॅग असल्यास हातातला रीडर कप्प्यावरून फिरवला की नोंद होते, शिवाय चुकीच्या जागी गेलेले पुस्तकही सापडते. बारकोड सहसा मालाचा प्रकार सांगतो, टॅग नेमका नग सांगतो. सदोष मालाचा एखादाच गट बाजारातून परत मागवायचा असेल, तेव्हा हा फरक लाखमोलाचा ठरतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये हजारो धावपटूंच्या वेळा नोंदल्या जातात त्या छातीवरच्या क्रमांकासोबतच्या अशाच चिपमुळे. न्हावा-शेवा बंदरात २०१६ पासून कंटेनरला टॅग लावून त्याचा माग ठेवला जातो.

तोटे : पहिला अडथळा भौतिकीचा आहे. धातू लहरी परावर्तित करतो आणि पाणी त्या शोषते. त्यामुळे तेलाचे पत्र्याचे डबे, सरबताच्या बाटल्या किंवा ओल्या भाजीचे क्रेट यांवर साधा टॅग दगा देतो. धातूसाठी वेगळे टॅग मिळतात, पण महाग. दुसरा अडथळा खर्चाचा. बारकोड वेष्टनासोबत जवळपास फुकटात छापला जातो. टॅग विकत घ्यावा लागतो, वर रीडर, अँटेना आणि संगणकप्रणाली आलीच. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याला हे परवडत नाही, पाच हजारांच्या साडीला परवडते. एवढ्या हिशेबाने बहुतेक दुकानदारांचा प्रश्न सुटतो.

सुरक्षेचा प्रश्न अधिक खोल आहे. साधा टॅग कोण विचारते आहे ते पाहत नाही. योग्य कंप्रतेवर विचारणाऱ्या कोणालाही उत्तर देतो. म्हणून ग्राहकाच्या नकळत त्याच्या कपड्यांवरून त्याचा माग काढता येईल, ही भीती अवास्तव नाही. टॅगसाठीच्या २००४ च्या जेन-२ मानकात टॅग कायमचा बंद करण्याची आज्ञा ठेवली गेली ती यासाठीच. संकेतभाषा वापरूनही ती कच्ची असेल तर उपयोग नसतो. नेदरलँड्समधील नायमेखनच्या संशोधकांनी २००८ मध्ये मायफेअर क्लासिक या स्पर्शविरहित कार्डाची संकेतप्रणाली फोडून दाखवली. उत्पादकाने निबंधाचे प्रकाशन रोखण्यासाठी न्यायालय गाठले, पण न्यायालयाने संशोधकांच्या बाजूने निर्णय दिला. ई-पासपोर्टमध्ये त्या मानाने शहाणपण दिसते : छापील पानावरचा मजकूर आधी वाचल्याखेरीज चिप आपली माहिती उघड करत नाही.

फास्टॅग : भारतात या तंत्राचा सर्वांत मोठा अनुभव लोकांना आला तो टोलनाक्यावर. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो नसल्यास दुप्पट टोल लागू झाला. सरकारी आकडेवारीप्रमाणे नाक्यावरची सरासरी प्रतीक्षा आठ मिनिटांवरून ४७ सेकंदांवर आली. गर्दीच्या वेळी खालापूर टोलनाक्याच्या रांगेत उभे राहिलेल्यांना सरासरी या शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको.

काचेवरून टॅगशी छेडछाड करून पैसे उडवता येतात, असे दाखवणारी चित्रफीत २०२२ मध्ये फिरली होती. ती राष्ट्रीय देयके महामंडळाने खोटी ठरवली. टॅगमध्ये पैसे नसतात, फक्त क्रमांक असतो. आणि वसुलीची मागणी नोंदणीकृत नाक्याकडूनच स्वीकारली जाते.

खरी उणीव दुसरीकडे आहे. रीडर टॅग वाचतो, गाडी वाचत नाही. कारच्या नावाने घेतलेला टॅग ट्रकच्या काचेवर लावला, तरी त्याच्या दृष्टीने ती कारच. काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवलेल्या टॅगमुळे वसुलीचा घोळ होतो, म्हणून असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचा निर्णय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये घेतला. गाडी घरी उभी असताना टोल कापला गेल्याच्या तक्रारींत दोष अनेकदा टॅगचा नसतो. नाक्यावर वाहनक्रमांक हाताने टाकताना झालेली चूक त्यामागे असते. अशा वेळी १०३३ वर किंवा टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार केल्यास पैसे परत मिळू शकतात. फाटकाविना टोलवसुलीच्या नव्या योजनेत फास्टॅगच्या जोडीला क्रमांकपट्टी वाचणारे कॅमेरे ठेवले आहेत.